इंजिनातलं तेल वाढतं तेव्हा

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, पण कान इकडे असू द्या. बैठकीत बऱ्याच जणींनी विचारलं होतं, की गटाचं यंत्र बिघडलं तर मिस्त्रीकडे नेण्याआधी आपल्याला स्वतःला काही ओळखता येतं का. तर आज आम्ही आमच्याच गटातली गोष्ट सांगणार आहोत, इंजिनातलं तेल वाढण्याची. हो, बरोबर ऐकलंत. कमी होण्याची नाही, वाढण्याची.

तेल कमी झालं की कुणालाही कळतं, काहीतरी बिघडलंय. पण घरातल्या डब्यातलं गोडेतेल एक दिवस आपोआप दोन बोटं वर आलं तर आपण काय म्हणू? देव पावला! आम्हीही जवळजवळ तसंच म्हणालो. आणि त्याची किंमत आमच्यातल्या एका बाईनं मोजली.

आमचा गट कर्जत तालुक्यातला, पेज नदीच्या काठचा. खालापूरच्या मैत्रिणींना जशी पाताळगंगा, तशी आम्हाला पेज. एप्रिल-मेमध्ये आजूबाजूचे ओढे खडखडीत होतात, पण या दोन नद्या वाहतात, कारण घाटावरच्या तलावांचं पाणी टाटांच्या वीजघरांतून खाली उतरतं. खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून शंभर वर्षांपूर्वी ही व्यवस्था झाली, आणि तिच्या उरलेल्या पाण्यावर आज आमची काकडी, कारली, भेंडी पिकते. पाणी मात्र आमच्या सोयीनं येत नाही. वीजघर चाललं की नदी भरते, थांबलं की उतरते. त्यामुळे पंप लावायचा तो पाणी असेल तेव्हा. कधी पहाटे वीस मिनिटं, कधी दुपारी अर्धा तास, मग बंद, मग पुन्हा चालू. हे वीस मिनिटांचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गटात आम्ही दहा जणी. त्यातल्या सहा जणींचे नदीकाठी वाफे आहेत. तिथे विजेचा खांब नाही, म्हणून ग्रामसंघाकडून समुदाय गुंतवणूक निधीचं कर्ज घेऊन पेट्रोलवरचा पंप आणला. साडेपाच हॉर्सपॉवरचं इंजिन, चार स्ट्रोकचं. आता हे चार स्ट्रोक म्हणजे काय, ते आधी एका वाक्यात सांगतो. गवत कापायच्या काही यंत्रांत पेट्रोलमध्येच तेल मिसळून घालतात, ती दोन स्ट्रोकची. आमच्या इंजिनात पेट्रोल वरच्या टाकीत आणि तेल खाली इंजिनाच्या पोटात. मिस्त्री त्या पोटाला चेंबर म्हणतात. दोघांचे रस्ते वेगळे, त्यांनी एकमेकांना भेटायचं नाही.

पंपाची जबाबदारी आमच्यातल्या एका ताईकडे दिली होती. पेट्रोल आणायचं, पंप लावून द्यायचा, किती वेळ चालला ते वहीत लिहायचं, आणि तासाला ठरलेले पैसे घ्यायचे. तिची वही आम्ही प्रशिक्षणात इतर गटांना दाखवायचो, इतकी नीट. दिवस, वेळ, कुणाचा वाफा, पेट्रोल किती घातलं. डिसेंबरात पाच लिटरच्या कॅनमध्ये पंप साधारण पाच तास चालायचा. फेब्रुवारीत तेवढ्याच कॅनमध्ये चार तास होईनात.

हे बैठकीत निघालं. हिशेब लिहिणारीनं आकडे वाचले आणि सतरंजीवर एकदम शांतता झाली. मग कुणीतरी म्हणालं, "पेट्रोल जातं कुठं?" दुसरी म्हणाली, "तिच्या दिराकडे मोटरसायकल आहे ना." बस्स, एवढंच. चोर हा शब्द कुणीच उच्चारला नाही. पण गावात तो उच्चारावा लागत नाही. ताईनं टाकीच्या झाकणाची किल्ली आणि वही सतरंजीवर ठेवली आणि ती उठून गेली. समन्वयक म्हणून आम्ही त्या वेळी मध्ये पडायला हवं होतं. आम्ही काय केलं? पुढचा विषय घेतला, बचतीची वसुली. आजही ते आठवलं की बरं वाटत नाही.

पुढचे बारा-पंधरा दिवस ती बैठकीला आली नाही. पंप दुसरीनं चालवायला घेतला. तरी पेट्रोल कमीच पडत होतं, पण तिला सवय नाही म्हणून होत असेल, असं आम्ही धरून चाललो. बघा, एकीचं पेट्रोल कमी पडलं तर चोरी, दुसरीचं पडलं तर सवय नाही.

मग एक दिवस या दुसरीला वाटलं, महिना झाला, तेल घालायला हवं. तिनं तेलाचं झाकण फिरवलं तर आत बघायच्या आधीच तेल हातावर ओघळलं. ती म्हणाली, "हिनं तर तेल गळ्यापर्यंत भरून ठेवलंय." म्हणजे पुन्हा दोष त्याच ताईला. नशीब असं, की हिशेब लिहिणारी तिथेच वाफ्यावर होती. ती गप्प राहिली, घरी गेली आणि बिलं काढून बसली. नोव्हेंबरात तेलाची एक लिटरची बाटली घेतली होती. इंजिनाच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे साधारण सहाशे मिली त्यात गेलं. उरलेलं चारशे मिली बाटलीतच होतं, पंपाच्या झोपडीत, कोपऱ्यात उभं. त्यानंतर तेल विकत आणलेलं नाही. तिनं आम्हाला फोन केला आणि म्हणाली, "ताई, तेल आणलं नाही, घातलं नाही, आणि वाढलंय. मग वाढलंय काय?"

हा प्रश्न आमच्या सगळ्या शिक्षणापेक्षा मोठा होता. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, इंजिन नव्हे. पण झाकणाला नाक लावायला पदवी लागत नाही. त्या तेलाला पेट्रोलचा वास येत होता, भपकारा म्हणावा असा. तेलाची काडी पुसून आत घातली, बाहेर काढली, तर तेल काडीवरून पाण्यासारखं पळालं. चांगलं तेल काडीला धरून राहतं, मधासारखं नाही पण सावकाश ओघळतं. वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब बाटलीतल्या तेलाचा टाकला आणि एक इंजिनातला. बाटलीतला बराच वेळ गोळा होऊन बसला. इंजिनातल्याभोवती लगेच ओलं कडं पसरलं. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण शेजारी शेजारी दोन थेंब ठेवले की फरक दिसतो. एक विनंती मात्र आहे. कुणी सांगेल, काडी पेटवून बघा, पेट्रोल असेल तर भडकेल. तसं अजिबात करू नका. पेट्रोल असेल तर खरोखरच भडकतं.

कर्जतच्या बाजारपेठेत एक मिस्त्री आहेत, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी खालचा बोल्ट सोडला आणि तेल मापात काढलं. सहाशे मिली असायला हवं होतं, लिटरभर निघालं. ते म्हणाले, "बाई, तुमचं पेट्रोल इथं आहे."

सगळं पेट्रोल तिथं नव्हतं, हेही सांगायला हवं. आम्ही नंतर बेरीज करून पाहिली, ती मिलिलिटरला जुळली नाही. काही एअर फिल्टरमध्ये शिरून खाली ठिबकलं होतं, फिल्टरचा स्पंज ओलाच होता. काही काळा धूर होऊन गेलं, आणि तो काळा धूर आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. पण दिराच्या मोटरसायकलमध्ये काही गेलेलं नव्हतं.

आता पेट्रोल तिथे पोचलं कसं? मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडून दाखवला. तुमच्या छतावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो ना? पाणी भरलं की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. कार्बोरेटरमध्ये अगदी तसाच एक छोटा चेंडू असतो, त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि एक टोकदार सुई, म्हणजे निडल, भोकात बसून पेट्रोल थांबवते. बॉल कॉकखाली कचरा अडकला तर रात्रभर टाकी वाहते, हे आपण पाहिलेलं आहे. इथेही तेच झालं होतं. निडलवर पिवळट चिकट थर बसला होता. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पंप पेट्रोलसकट झोपडीत पडून होता. पेट्रोल सुकत सुकत चीक धरतं, काकवी आटल्यासारखं. तो थर सुईला भोकात नीट बसू देत नव्हता.

आणि आमच्या इंजिनाची पेट्रोलची टाकी कार्बोरेटरच्या वर आहे. टाकीखाली एक छोटा नळ असतो, त्याला कॉक म्हणतात. तो उघडा राहिला की पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली येत राहतं. निडल अडवत नाही म्हणून कार्बोरेटर भरून वाहतो, तिथून हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये, आणि सिलिंडरमधून पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, तेलात. रिंगा म्हणजे डब्याचं घट्ट झाकण नव्हे, त्यांना बारीक फट असतेच. इंजिन उभं असताना, कुणी हात न लावता, रात्रभर हे चालतं.

कॉक उघडा राहत होता का? राहत होता. पाण्याचा भरवसा नाही, तासाभरात पुन्हा पंप लावायचा, म्हणून कॉक बंद करायचा कंटाळा. स्विच बंद केला की झालं, असं आम्हाला वाटे. वर एका वाफ्यावरून दुसऱ्यावर पंप तीनचाकी टेम्पोत घालून न्यायचो. काठचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. कॉक उघडा, पंप हिंदकळतोय, चेंडू आत नाचतोय, पेट्रोल चाललंय पोटात.

आता ती वीस मिनिटांची गोष्ट. निडल साफ करून झाल्यावरही मिस्त्री म्हणाले, तुम्ही इंजिन गरम होऊ देत नाही. थंड इंजिन चालू करायला चोक ओढतो तेव्हा हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. थंड सिलिंडरमध्ये ते सगळं वाफ होऊन जळत नाही, थोडं भिंतीवरून खाली तेलात उतरतं. हे थोडंफार प्रत्येक इंजिनात होतं. पण इंजिन पुरतं तापलं की तेलातलं पेट्रोल उडून जातं आणि श्वासनळीसारखी एक नळी असते, तिच्यातून पुन्हा कार्बोरेटरकडे जाऊन जळतं. ज्या इंजिनाला दर वेळी वीस मिनिटांत बंद करतात, त्याला ही संधीच मिळत नाही. त्यात आमची एक मैत्रीण चोक अर्धा ओढलेलाच ठेवायची, "त्यानं बंद पडत नाही" म्हणून. इंजिन बंद पडत नव्हतं, पण पेट्रोल पीत होतं.

कुणी म्हणेल, तेलात थोडं पेट्रोल गेलं तर बिघडलं काय? इंजिन तर चालत होतं. चालतं, हीच तर पंचाईत आहे. तेल पातळ झालं की आतल्या फिरणाऱ्या भागांवरचा तेलाचा पापुद्रा टिकत नाही, लोखंड लोखंडाला घासतं. पातळी वाढली की फिरणारा दांडा तेलात आपटून फेस काढतो, ताक घुसळल्यासारखा, आणि फेसाळ तेल काही वंगण देत नाही. जास्तीचं तेल नळीतून एअर फिल्टरवर येतं, निळसर धूर होतो, प्लग काळा पडतो. आणि चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ कोंडली असेल तर आगीची भीती वेगळी. आमच्या पंपाचे हप्ते अजून चौदा महिने बाकी होते. इंजिन जाम झालं असतं तर पंप गेला आणि हप्ते राहिले, असं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे आमच्या पंपापुरतंच. नाही. आमच्या गटातली एक जण रेवसची माहेरवाशीण. तिनं हे सगळं फोनवर भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आमच्या होडीलाही हेच झालं होतं." त्याची लहान फायबरची होडी आहे, तिच्या मागे चार स्ट्रोकचं इंजिन टांगलेलं असतं. डोळ्यासमोर येत नसेल तर २७ जुलै २०१९ आठवा. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हजारावर माणसं त्यात होती, नऊ गरोदर बायका होत्या. त्या दिवशी माणसं काढायला ज्या रबरी बोटी टीव्हीवर दिसल्या, त्यांच्या मागे बाहेरून लावलेलं जे इंजिन असतं, त्या घराण्यातलं.

भावाची गोष्ट आमच्यापेक्षा थोडी निराळी निघाली, म्हणून सांगतो. त्यानं पहिल्यांदा तेल बघितलं तेव्हा इंजिन वर उचललेलं होतं, तिरकं. तिरक्या इंजिनात काडी खोटं सांगते. इंजिन सरळ खाली सोडून, बंद करून, तेल उतरायला थोडा वेळ देऊन मग काडी बघायची. तशी बघितली, तरी तेल वरच होतं. तेल बदललं, काडीवर पातळी कुठे आहे ते लक्षात ठेवलं, आणि आठ-दहा दिवस रोज बघितलं. पुन्हा वर. म्हणजे भरताना जास्त झालं, हे कारण गेलं.

मग त्यांच्याकडच्या मिस्त्रीनं एकेक बघितलं. त्या इंजिनात पेट्रोल खेचणारा छोटा पंप इंजिनालाच बसवलेला होता, त्यात रबराचा पडदा असतो. तो फाटला तर पेट्रोल सरळ तेलात जातं. पडदा चांगला होता. मग थर्मोस्टॅट बघितला. होडीचं इंजिन समुद्राच्याच पाण्यानं गार होतं, आणि थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत ते पाणी रोखून धरणारं दार. दारात मीठ-रेती अडकून ते उघडंच राहिलं होतं. इंजिन दिवसभर चालायचं, पण थंडच. त्यात जाळं सोडताना तासन् तास अगदी हळू चालवणं. आमची वीस मिनिटं आणि त्यांचे चार तास, दोन्हींत इंजिन तापत नव्हतं. थर्मोस्टॅट बदलला, आणि परतताना रोज थोडा वेळ होडी जोरात आणायची सवय लावून घेतली. मग पातळी स्थिर राहिली.

त्यानं आणखी एक सांगितलं. नवीन इंजिन लोक फार जपून, हळूहळूच चालवतात. मग रिंगा सिलिंडरला नीट बसत नाहीत आणि पेट्रोल खाली उतरत राहतं. सुरुवातीचे तास कसे चालवायचे ते पुस्तकात दिलेलं असतं, तसंच चालवावं. नव्या सुनेलाही फार जपून ठेवलं तर ती घरात रुळत नाही, असं त्याची बहीण लगेच म्हणाली. असो.

आणि तेल वाढलंय पण पेट्रोलचा वास नाही, रंग दुधट, ताकासारखा किंवा कॉफीसारखा झालाय, असं दिसलं तर ते पाणी आहे. होडीत थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेला गळती झाली की असं होतं. आमचं इंजिन हवेनं गार होतं, त्यामुळे त्या वाटेनं पाणी येत नाही, पण झाकण सैल राहून पावसाचं पाणी जाऊ शकतं, नदीत पंप बुडाला तर जातंच. ते इंजिन मग अजिबात चालू करायचं नाही, तसंच मिस्त्रीकडे.

आता तुमच्या इंजिनाचं तेल वाढलेलं दिसलं तर काय करायचं? आधी इंजिन सपाट जागी आहे का बघा. आमच्या इंजिनाची काडी आट्यांची आहे, पण बघताना ती फिरवून घट्ट करायची नाही, नुसती आत टेकवायची आणि काढायची. आम्ही कित्येक महिने घट्ट करून बघत होतो. तुमच्या पुस्तकात काय म्हटलंय ते एकदा वाचा, मराठीत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवा. पातळी खरंच वर असेल, वास येत असेल, तर दोरी ओढू नका. कॉक बंद करा. दोरी ओढायला गेलात आणि ती मध्येच दगडासारखी अडली, तर जोर लावू नका, दादल्याला बोलवून त्याच्याकडूनही लावून घेऊ नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असू शकतं. ते काढायला प्लग खोलावा लागतो आणि पेट्रोलचा फवारा बाहेर येतो. ते काम मिस्त्रीचं, उघड्यावर, चूल आणि बिडीपासून लांब.

आमच्या मिस्त्रींनी निडल नवीन घातली, कार्बोरेटर धुतला, तेल बदललं. अर्धा तास पंप चालवून तेच तेल पुन्हा काढलं आणि परत नवीन घातलं, कारण कोपऱ्याकोपऱ्यात पेट्रोल मिसळलेलं तेल राहिलेलं असतं. दोन वेळचं तेल घालायचं म्हणून आमची कोषाध्यक्ष कुरकुरली, पण तेलाचा खर्च इंजिनाच्या खर्चापुढे काहीच नाही. तेल कुठलं, तर पुस्तकात असेल ते. आमच्यात दहा डब्ल्यू तीस. पुस्तक म्हणतं, नव्या इंजिनाचं पहिलं तेल वीस तासांनी आणि मग दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावं, जे आधी होईल ते. आम्ही आता वहीत तास लिहितोच, त्यामुळे शंभर कधी झाले ते कळतं.

काढलेल्या तेलाचं काय? आपल्याकडे जुनं तेल कुडाच्या लाकडाला लावतात, वाळवी लागू नये म्हणून. हे पेट्रोल मिसळलेलं तेल घराच्या लाकडाला, चुलीजवळ, मुळीच लावू नका. नदीत तर ओतूच नका. पेज पुढे उल्हासला मिळते, आणि ते पाणी खाली कित्येक गावं-शहरं पितात. आम्ही ते कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला परत देतो, तो जुनं तेल गोळा करणाऱ्याला देतो.

हंगाम संपताना आता कॉक बंद करून इंजिन चालू ठेवतो, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत. मग टाकीही रिकामी करतो. पावसाळ्यात पंप कोरडा झोपतो.

राहिली ताई. मिस्त्रींनी तेल काढलं त्या संध्याकाळी आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, तिथे गेल्यावर सुचेना. तिनं चहा टाकला. आम्ही सांगितलं, पेट्रोल तेलात जात होतं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं मी नेलं नाही. तुम्हाला आता ठाऊक झालं." आम्ही म्हणालो, चुकलं. ती म्हणाली, "मला नको सांगू. बैठकीत सांगितलं होतं, बैठकीतच सांगा. आणि वहीत लिहा."

पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ते लिहिलं आहे, की फेब्रुवारीच्या पेट्रोलच्या नोंदी बरोबर होत्या, इंजिनात दोष होता, आणि गटानं चुकीचा संशय घेतला. दहा जणींच्या सह्या आहेत. दिराच्या मोटरसायकलीचं ज्या मैत्रिणीनं काढलं होतं, तिनं सगळ्यात शेवटी सही केली, पण केली. ताईनं ते इतिवृत्त मोठ्यानं वाचायला लावलं, दोनदा, कारण दोघी उशिरा आल्या होत्या.

तिनं पंप पुन्हा हाती घेतला. पेट्रोल आणायचं काम मात्र घेतलं नाही, ते दुसरी कुणीतरी आणू दे म्हणाली, आणि त्यावरून ती अजूनही हललेली नाही. आम्हीही आग्रह केला नाही. आता पेट्रोल एक जण आणते, दुसरी मोजून घेते, आणि वहीत एक नवीन रकाना आहे, तेलाची पातळी. तो ताईनं स्वतः आखला. दोरी ओढायच्या आधी काडी बघायची आणि बरोबर, कमी किंवा जास्त, तिन्हींपैकी एक लिहायचं.

मागच्या आठवड्यात खालापूरच्या एका गटानं त्यांच्या पॉवर वीडरचा फोटो पाठवला, झाकणातून तेल गळतंय म्हणून. आम्ही फोन ताईकडेच दिला. तिनं विचारलं, "कॉक बंद आहे का?" पलीकडून आवाज आला, "कॉक म्हणजे कुठला?" तर बाई, टाकीखाली बघा, नळीच्या तोंडाशी एक छोटी कळ असते. आज रेडिओ बंद केलात की आधी तीच शोधा. नमस्कार.